पीएस३वर घरचे व्हिडिओ : आधी डबा उघडून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात १६० जीबीचा पीएस३ स्लिम (सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल) आहे, त्यावर खेळणं कधीच बंद झालंय, आणि वडिलांना हॉलमधल्या टीव्हीवर तीन प्रकारचे व्हिडिओ बघायचे आहेत. एक, १९९८ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, जी तुम्ही डिजिटल करून घेतलीत आणि जिच्या एव्हीआय फाइल तुमच्या हातात आल्या. दोन, घरातल्या नाटकांच्या डीव्हीडी, ज्या तुम्ही लॅपटॉपवर एमकेव्ही करून ठेवल्यात. तीन, मोबाइलवर काढलेले गणपतीतले व्हिडिओ. पेनड्राइव्हवरून निम्म्या फाइलींना ‘अनसपोर्टेड डेटा’ येतं, काही तर दिसतच नाहीत, आणि लॅपटॉपवरून वायफायने लावलं की दर दोन मिनिटांनी चित्र थांबतं. नवीन काही विकत घ्यावं की आहे त्यावरच जमवावं, असं तुम्ही विचारलंय.

आहे त्यावरच जमवा. मी गेली पंधराएक वर्षं लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि टेपा डिजिटल करून देतो, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत टीव्हीखाली हाच पीएस३ असतो. वडिलांना लागतं ते एवढंच की बटण दाबलं की चित्र सुरू व्हावं आणि मध्ये थांबू नये. ते या यंत्रावर आजही उत्तम होतं. फक्त त्याला जे पचतं तेच द्यायला हवं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४ ही डब्यांची नावं आहेत, आतल्या पदार्थाची नव्हेत. आत चित्र एका पद्धतीने दाबलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. दोन फाइलींचं नाव ‘एमपी४’ असूनही एक पीएस३वर चालते आणि दुसरी चालत नाही, ती यामुळेच. उलट चित्र आणि आवाज दोन्ही पीएस३ला ओळखीचे असतात, पण डबा एमकेव्हीचा म्हणून फाइल नाकारली जाते, असंही सर्रास घडतं. अशा वेळी लोक पूर्ण फाइल नव्याने कन्व्हर्ट करायला लावतात. लॅपटॉप रात्रभर तापतो आणि चित्राचा दर्जाही थोडा उतरतो. तिथे नुसता डबा बदलायचा असतो, भाजी पुन्हा करायची नसते.

म्हणून पहिलं काम कन्व्हर्ट करण्याचं नाही, बघण्याचं. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि प्रत्येक प्रकारची एकेक फाइल त्यात उघडा. व्हिडिओच्या भागात ‘फॉरमॅट’ काय लिहिलंय ते बघा. एव्हीसी लिहिलं असेल तर ते एच.२६४, म्हणजे पीएस३च्या ओळखीचं. एचईव्हीसी लिहिलं असेल तर एच.२६५. हे मानक २०१३ साली आलं आणि पीएस३ बाजारात आला २००६ च्या नोव्हेंबरात. तो ते उघडू शकत नाही, आणि कुठल्याही अपडेटने आता उघडणार नाही. एमपेग व्हिडिओ व्हर्जन २ म्हणजे डीव्हीडीचं चित्र, ते चालतं. डीव्ही म्हणजे कॅमकॉर्डरच्या टेपेचं चित्र, ते चालत नाही. त्याच यादीत ‘बिट डेप्थ’ असते, ती ८ हवी. १० असेल तर एव्हीसी असूनही चित्र येणार नाही. खाली आवाजाचा भाग असतो. तिथे एएसी, एसी-३, एमपी३ किंवा साधा पीसीएम असेल तर ठीक. डीटीएस असेल तर मी वेळ न घालवता बदलून टाकतो.

तुमच्या तिन्ही प्रकारांत मला काय सापडेल असं वाटतं, ते सांगतो. तुम्ही पडताळून घ्या.

नाटकांपासून सुरू करतो, कारण तिथे कष्ट सगळ्यात कमी आहेत. डीव्हीडीवरून केलेल्या एमकेव्हीमध्ये बहुतेक वेळा डीव्हीडीचंच एमपेग-२ चित्र आणि एसी-३ आवाज जसाच्या तसा असतो. पीएस३ला दोन्ही येतं, अडचण फक्त एमकेव्ही या डब्याची. एव्हीडीमक्स हे सॉफ्टवेअर उघडा, व्हिडिओ ‘कॉपी’, ऑडिओ ‘कॉपी’, आणि आउटपुटला एमपेग-पीएस किंवा एमपेग-टीएस निवडा. कमांड टाइप करायची सवय असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरला दोन्ही कोडेकच्या (दाबण्याच्या पद्धतीच्या) जागी ‘कॉपी’ सांगा. चहाला आधण येईपर्यंत फाइल तयार होते, कारण यात गणित काहीच नाही, फक्त माल इकडून तिकडे ठेवायचाय. चित्राचा एक कणही बदलत नाही.

पण इथे एक खाच आहे. पेनड्राइव्ह ज्या पद्धतींनी फॉरमॅट करता येतो, त्यांतली पीएस३ यूएसबीवर फक्त फॅट३२ वाचतो. एनटीएफएस नाही, एक्सफॅटही नाही. तुमच्या ज्या फाइली ‘दिसतच नाहीत’ त्या बहुधा एक्सफॅट पेनड्राइव्हवर असणार. आणि फॅट३२वर एक फाइल ४ जीबीच्या आतच राहू शकते. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची. म्हणजे काठोकाठ भरलेली डीव्हीडी जेमतेम तेवढ्यासाठी मावत नाही. नाटकाला यावर सोपा उपाय आहे : मध्यंतराला तोडा. पहिला अंक एक फाइल, दुसरा अंक दुसरी. एव्हीडीमक्समध्ये मध्यंतराच्या जागी जाऊन कट करताना एक काळजी घ्या. ‘कॉपी’वर तोडायचं तर तुकडा की-फ्रेमवरच, म्हणजे दुसऱ्या फ्रेमच्या आधाराशिवाय पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच, सुरू व्हावा लागतो. वर बाण दाबला की तो पुढच्या की-फ्रेमवर जातो. पडदा पडलेला असतो त्या अंधारात अर्धा सेकंद इकडे तिकडे झाला तर कुणाला कळतही नाही. संवादाच्या मधोमध तोडलंत तर मात्र सुरुवातीला चित्र फुटतं आणि आवाज पुढे धावतो.

३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क फॅट३२ करायची तर विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी तो पर्याय दाखवत नाही आणि लोक तिथेच थांबतात. रूफससारख्या सॉफ्टवेअरने तो करता येतो. त्यात पार्टिशनचा प्रकार एमबीआर ठेवा, जीपीटी नको. डिस्कवर व्हीआयडीईओ हीच अक्षरे मोठ्या लिपीत, रोमनमध्ये लिहून एक फोल्डर करा आणि फाइली त्यात टाका. वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्ये असतील तर कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबून ‘डिस्प्ले ऑल’ करावं लागतं, आणि ते वडिलांना दरवेळी सांगत बसावं लागेल. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, छोटी ठेवा आणि आधी आकडा टाका, म्हणजे अंक ओळीने लागतील.

डबा बदलण्याच्या याच पद्धतीने तुमच्याकडच्या बाकीच्या एच.२६४ एमकेव्हीही सुटतील, फक्त त्यांचा नवा डबा एमपी४. आवाज एएसी स्टीरिओ असेल तर एमपी४ सरळ चालतं. आवाज ५.१चा एसी-३ असेल तर एमपी४च्या वाटेला जाऊ नका, पीएस३ तिथे मुका राहतो. त्यासाठी टीएसमक्सर वापरून एम२टीएस करा. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांचा हाच डबा, त्यामुळे पीएस३ तो एसी-३सकट आनंदाने घेतो. टीएसमक्सरमध्ये ठरावीक आकाराचे तुकडे पाडण्याची सोयही आहे.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या निदान निम्म्या ‘बिघडलेल्या’ फाइली काही न बिघडता परत जातात. मीडियाइन्फोत एव्हीसीपुढे ‘हाय@एल४.१’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो लेव्हलचा आकडा म्हणजे फाइलने कपाळावर लावलेली पाटी : मला उलगडायला एवढ्या ताकदीचं यंत्र लागेल. पीएस३साठी ४.१ पर्यंत निर्धास्त. पण अनेक सॉफ्टवेअरं कारण नसताना ५.१ ची पाटी लावून मोकळी होतात, आणि पीएस३ पाटी वाचूनच नाही म्हणतो. मग खालच्या ‘रेफरन्स फ्रेम्स’ची (एक चित्र उलगडताना आठवणीत ठेवाव्या लागणाऱ्या इतर फ्रेमची) ओळ बघा. १९२० बाय १०८० च्या चित्राला त्या ४ किंवा कमी आणि १२८० बाय ७२० च्या चित्राला ९ किंवा कमी असतील, फ्रेम सेकंदाला ३०च्या आत असतील आणि बिटरेटही (दर सेकंदाचा डेटा) अवाच्या सवा नसेल, तर माल ४.१ चाच आहे, पाटी तेवढी चुकीची. एफएफएमपेगमध्ये एच२६४ मेटाडेटा नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. तो चित्राला हात न लावता नुसती पाटी ४.१ करतो. मिनिटाभरात फाइल चालू. रेफरन्स फ्रेम्स त्याहून जास्त असतील तर मात्र पाटी बदलून उपयोग नाही, चित्रात चौकडे पडतात. ती फाइल नव्यानेच एन्कोड करावी, म्हणजे चित्र पुन्हा दाबून घ्यावं लागतं.

लग्नाच्या कॅसेटकडे येतो. इथे घाई करू नका, कारण तुमच्या तिन्ही प्रकारांत जपण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

तुमच्या एव्हीआय फाइली डीव्हीच्या असणार. ओळखायची खूण आकारात आहे : डीव्ही तासाला साधारण १३ जीबी घेतं. ३ तासांची ई-१८० कॅसेट म्हणजे ४० जीबीच्या आसपास. हे नव्याने एन्कोड केल्याशिवाय पीएस३वर जाणार नाही. कुठलंही सॉफ्टवेअर ते करून देईल, पण आपल्याकडची टेप पाल या टीव्ही पद्धतीची आहे, आणि पालचं चित्र इंटरलेस्ड असतं. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं एकाआड एक रेघांनी विणलेली. म्हणजे खरी हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फाइल संगणकावर लावा आणि कुणीतरी पटकन हात हलवला की पॉज करा. मागे माझ्याकडे एका लग्नाची टेप आली होती. नवरी अंतरपाटामागे उभी, मामा बाजूला, आणि अक्षता पडायला लागल्या तसं तिने पटकन मान वळवली. त्या फ्रेमवर थांबवलं तर शालूचा काठ फणीच्या दातांसारखा दिसत होता, रेघ आड रेघ एकेका बाजूला सरकलेली. त्या घरच्यांना आधी कुणीतरी हीच टेप कन्व्हर्ट करून दिली होती, आणि ते दात कायमचे चित्रात भाजून टाकले होते. दुसरी चूक याच्या उलटी : दात घालवण्यासाठी अर्ध्या रेघा सरळ फेकून द्यायच्या. मग दात जातात, पण सेकंदाला २५च हालचाली उरतात, आणि वरातीतल्या बँडसमोरचा नाच तुटक तुटक दिसतो. लोकांना कारण सांगता येत नाही, पण ‘कॅसेटवर असं नव्हतं’ एवढं त्यांना नक्की जाणवतं.

बरोबर रस्ता म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राची एकेक पूर्ण फ्रेम करायची आणि २५ च्या ५० करायच्या. हँडब्रेक या कन्व्हर्ट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर्सच्या पानावर डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ किंवा यादिफ घ्या, त्यात ‘बॉब’ हा प्रिसेट निवडा, आणि व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. पीएस३ला ५७६ रेघांचं ५० फ्रेमचं एच.२६४ अजिबात जड नाही. निकाल बघाल तेव्हा फरक सांगावा लागणार नाही. चित्र कॅसेटइतकंच वाहतं राहतं.

चित्र मागे-पुढे असे झटके खात थरथरत चाललं तर फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा धरला गेलाय. डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी असते आणि डीव्हीडीवर बहुतेक वेळा वरची आधी. एफएफएमपेगमध्ये तो क्रम हाताने सांगता येतो.

दुसरी बारीक गोष्ट माणसांच्या जाडीची. पाल डीव्ही ७२० बाय ५७६ असतं, पण त्याचे ठिपके चौकोनी नसतात. तसंच्या तसं चौकोनी धरलं तर माणसं किंचित अरुंद आणि उंच दिसतात. जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारासाठी ते ७६८ बाय ५७६ करा, मग कुठल्याही टीव्हीवर गोंधळ होणार नाही. १०८० पर्यंत फुगवू नका. कॅसेटमध्ये तेवढा तपशील नाही, फाइल मात्र फुकट मोठी होते. आणि ४:३ चं चित्र ताणून टीव्हीभर पसरवायचा मोह आवरा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू देत. आजीचा चेहरा जसा होता तसा दिसणं जास्त महत्त्वाचं.

व्हीएचएसच्या चित्रात तळाला आठ-दहा रेघा फाटलेल्या, वळवळत्या दिसतात. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड त्या लपायच्या, आताच्या टीव्हीवर उघड्या पडतात. तळाच्या तेवढ्या रेघा क्रॉप करा. सगळ्या चित्रावरची वाळूसारखी खरखर थोडीशी कमी करा. हँडब्रेकमधला डीनॉइज ‘लाइट’वर पुरतो. त्याहून वर नेलंत तर चेहरे मेणाचे होतात, आणि शालूची जर धुवून निघते. खरखर कमी करण्यात आणखी एक फायदा आहे : एन्कोडरला ती खरखर म्हणजे सतत हलणारा तपशील वाटतो आणि अर्धे बिट तिच्यावरच खर्च होतात.

दर्जासाठी हँडब्रेकचं कॉन्स्टंट क्वालिटी १८ च्या आसपास ठेवा, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.०. आवाज एएसी, स्टीरिओ, १६०. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ची खूण करा. त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटी न राहता सुरुवातीला येते, आणि नेटवर्कवरून लावली की फाइल लगेच सुरू होते. ३ तासांची फाइल ४ जीबीच्या बाहेर जाईल अशी भीती असेल तर साधा हिशेब आहे : २ तास ४ जीबीत बसवायचे तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ४.७ मेगाबिट मिळतात, ३ तासांना ३.१ च्या आसपास. पण लग्नालाही नाटकासारखेच अंक असतात. साखरपुडा, हळद, लग्न, वरात अशा चार फाइली करा. वडिलांना थेट वरात लावता येईल, रिमोटने पळवत बसावं लागणार नाही.

पूर्ण टेप लावण्याआधी एक मिनिटाचा तुकडा करून टीव्हीवर बघा. मी अजूनही प्रत्येक टेपेला हे करतो. ज्या मिनिटात हालचाल सगळ्यात जास्त आहे तेच निवडा, गुरुजी मंत्र म्हणताहेत ते नको.

मोबाइलचे व्हिडिओ सरळ आहेत, पण तीन गोष्टींकडे लक्ष द्या. आताचे फोन बहुतेक एच.२६५ मध्ये टिपतात, म्हणून एन्कोड करणं आलंच. ४के असेल तर १०८०वर आणा. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमरेट कमी-जास्त करत असतो. हँडब्रेकमध्ये ३० आणि कॉन्स्टंट सांगा, नाहीतर दहा मिनिटांनंतर आरतीचे शब्द ओठांच्या मागे पडतात. आणि फोन आडवा-उभा कसा धरला होता याची नोंद फाइलमध्ये निव्वळ एका खुणेने असते. ती न मानणाऱ्या यंत्रावर बाप्पा आडवे होतात. एन्कोड करताना चित्र खरोखरच फिरवलं जातं, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटतो. व्हिडिओ एचडीआर (उजेड-रंगांचा जास्त मोठा पल्ला टिपलेले) असतील तर हँडब्रेकच्या ताज्या आवृत्तीत कलरस्पेसच्या फिल्टरमधून ते साध्या रंगात आणा, नाहीतर शेंदूर फिका, राखाडी दिसेल. पुढच्या गणपतीत हा व्याप टाळायचा असेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच बदल करा. आयफोनवर फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ आणि १०८०पी ३०. अँड्रॉइडवर एच.२६४ चा पर्याय असतो, आणि एचडीआर बंद करा.

मराठी सबटायटलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नाटकाला ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कुणी ना कुणी विचारतंच. पीएस३ एमपी४सोबतची वेगळी एसआरटी फाइल वाचत नाही. अक्षरं चित्रावरच छापून टाकावी लागतात. देवनागरीला इथे खास धोका आहे. जोडाक्षरं जुळवणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘प्रश्न’चे तुकडे होतात. एफएफएमपेगची चांगली बांधणी असेल आणि नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट दिलात, तर अक्षर स्वच्छ येतं. सबटायटल जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पडद्यावर रोमन चिन्हांचा कचरा दिसेल.

आता स्ट्रीमिंग. तुमचं चित्र दर दोन मिनिटांनी थांबतं, त्याची दोन कारणं आहेत आणि बहुधा दोन्ही एकाच वेळी लागू आहेत.

पहिलं कारण वायफाय. पीएस३चं वायफाय ८०२.११जी पिढीचं आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं. कागदावर सेकंदाला ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात चांगल्या दिवशी २०च्या आसपास. अपार्टमेंटमध्ये शेजारच्या सात-आठ घरांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतील तर त्याहून बरंच कमी. त्यात लॅपटॉपही वायफायवर असेल तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो : लॅपटॉपकडून राउटरकडे, राउटरकडून पीएस३कडे. याला उपाय म्हणजे वायर. पीएस३च्या मागे गिगाबिट इथरनेटचं भोक आहे. राउटर हॉलमध्येच असेल तर दोन-तीन मीटरची कॅट ५ई वायर आणा आणि जोडा. सर्व्हरच्या (लॅपटॉपवरून व्हिडिओ पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये तासभर डोकं घालण्याआधी हे करून बघा. माझ्या अनुभवात दहातली सात घरं इथेच सुटतात. वायर शक्यच नसेल तर निदान लॅपटॉप तरी वायरवर घ्या. आणि नवा राउटर पीएस३ला दिसतच नसेल तर राउटरमध्ये २.४चं नाव वेगळं करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. डब्ल्यूपीए३ त्याला येत नाही.

दुसरं कारण, तुमचा लॅपटॉप व्हिडिओ दाखवता दाखवता तो कन्व्हर्टही करतोय. पीएस३ला डीएलएनएची, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ मागवून लावण्याची, सोय २००७ च्या मे महिन्यात, १.८० या अपडेटने मिळाली. सर्व्हर त्याला फाइलींची यादी आणि प्रत्येकीचा प्रकार सांगतो. प्रकार ओळखीचा असेल तर पीएस३ फाइल जशी आहे तशी मागून घेतो, सर्व्हरला काम जवळजवळ शून्य. ओळखीचा नसेल तर युनिव्हर्सल मीडिया सर्व्हरसारखं हुशार सॉफ्टवेअर वाटेतच ती फाइल पीएस३च्या पचनी पडेल अशी करून देतं. ते काम जुन्या लॅपटॉपला, विशेषतः ४के एच.२६५ला, झेपत नाही. चित्र थांबतं, पुढे पळवलं की पुन्हा पहिल्यापासून दम लागतो. ही सोय मी पाहुण्याने आणलेल्या एखाद्या फाइलपुरती ठेवतो. रोज बघायच्या फाइली एकदाच, सावकाश, रात्री कन्व्हर्ट करून ठेवाव्यात आणि सर्व्हरने त्या नुसत्या द्याव्यात.

तसं केलंत की सर्व्हर अगदी साधा चालतो. मी स्वतः घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मिनीडीएलएनए हा सर्व्हर ठेवलाय. तो काहीच कन्व्हर्ट करत नाही, फक्त फाइल देतो, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं बंद पडत नाही. लॅपटॉपच वापरायचा असेल तर युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर ठीक, त्याच्याकडे पीएस३साठी तयार प्रोफाइल आहे. पीएस३वर सेटिंग्जमधल्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘मीडिया सर्व्हर कनेक्शन’ चालू आहे ना ते बघा. मग व्हिडिओच्या रांगेत ‘सर्च फॉर मीडिया सर्व्हर्स’ दाबा. सर्व्हर सापडत नसेल तर विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलंय का बघा, ते ‘प्रायव्हेट’ करा. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. आणि दोघं एकाच नेटवर्कवर आहेत याची खात्री करा. राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असलेली यंत्रं एकमेकांना बघू शकत नाहीत. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपू नये अशी सोय करायला विसरू नका, ते राहिलं की वडील दुपारी एकटे असताना फोन येतो.

याहून सोपा मार्ग वडिलांसाठी आहे, आणि तोच करा असं मी सुचवेन. तुमच्या पीएस३त १६० जीबीची डिस्क रिकामी पडलीय. सर्व्हरच्या यादीतल्या फाइलवर उभं राहून त्रिकोण दाबा आणि ‘कॉपी’ निवडा. फाइल कन्सोलच्या आत उतरते. मग राउटर बंद असो, लॅपटॉप तुम्ही ऑफिसला नेलेला असो, लग्न आणि नाटकं तिथेच आहेत. वर सांगितलेल्या मापाने केलेलं लग्न पाच-सहा जीबीत बसतं आणि एक नाटक चार-पाच जीबीत. पंचवीस नाटकं सहज मावतील. स्लिमवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोल फॉर एचडीएमआय’ चालू करा. टीव्हीला एचडीएमआय-सीईसी असेल तर टीव्हीच्याच रिमोटचे बाण आणि ओके पीएस३वर चालतात. कंट्रोलर चार्ज करायचा, कुठलं बटण कशाचं, हे त्यांच्यामागे राहत नाही.

कन्सोल अमेरिकेतून कुणी आणलेला असेल तर एक वेगळी काळजी : तिकडचे पीएस३ पालच्या डीव्हीडी लावत नाहीत. मग नाटकांचं नुसतं डबा बदलून भागेलच असं नाही, त्याही फाइली लग्नासारख्या एच.२६४ मध्ये एन्कोड करून घ्या. भारतात घेतलेला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

यंत्र पंधरा वर्षांचं आहे, त्याला हवा द्या. शोकेसच्या काचेआड ठेवला असेल तर बाहेर काढा, मागची-बाजूची धूळ ब्लोअरने उडवा. पंखा नाटक चालू असताना मिक्सरसारखा ओरडत असेल तर आतली थर्मल पेस्ट वाळलीय. ती बदलून देणारे कन्सोल दुरुस्तीवाले शहरात मिळतात, आणि त्या कामात डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही. मात्र दुरुस्तीवाल्याने ‘सिस्टिम रिस्टोअर’ किंवा फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हणा, त्यात आतलं सगळं पुसलं जातं.

आणि ती ४० जीबीची डीव्ही एव्हीआय वेगळ्या हार्डडिस्कवर तशीच ठेवा, शक्य झालं तर दोन डिस्कवर. पीएस३साठी केलेल्या फाइली बघण्यासाठी आहेत. उद्या दुसरं यंत्र आलं की पुन्हा नवी फाइल करायची ती मूळ एव्हीआयवरून, या एमपी४वरून नव्हे. कॅसेटला बुरशी लागलेली नसेल तर तीही कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवा. ज्याने ती डिजिटल करून दिली त्याच्याकडे चांगला व्हीसीआर होता की नव्हता हे तुम्हाला माहीत नसेल, तर पहिल्या पाच मिनिटांची एव्हीआय टीव्हीएवढ्या मोठ्या पडद्यावर एकदा नीट बघा. वरच्या कडेला चित्र वाकलेलं असेल किंवा आवाज खोल गेलेला असेल तर बहुधा त्या व्हीसीआरमध्येच दोष होता. मग सगळं एन्कोड करत बसण्याआधी ती कॅसेट दुसऱ्या मशीनवर पुन्हा उतरवून घ्या.